वकील, प्राध्यापक आणि मधली भिंत

महामहोपाध्याय पां. वा. काणे हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला 'साहित्यदर्पणा'मुळे आणि संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासामुळे ठाऊक असते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड (१९३० ते १९६२) फार थोड्यांनी उघडलेले असले तरी ग्रंथालयातल्या कपाटात बहुतेकांनी पाहिलेले असतात. हा माणूस मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होता, हे सांगितले की वर्गात थोडी चुळबुळ होते. आमच्या एका विद्यार्थिनीने मागे विचारले, "मग सर, ते नक्की होते कोण? वकील की अभ्यासक?" प्रश्न निरागस होता. परंतु त्यातला 'की' आमच्या मनात घर करून राहिला. ज्ञानाचा आणि व्यवसायाचा संसार वेगवेगळा असतो, एकाच माणसाने दोन्ही घरे सांभाळली तर त्यातले एक घर नक्कीच दुर्लक्षित राहिले असणार, असे आपण आता इतक्या सहजपणे गृहीत धरतो की तो 'की' उच्चारताना कोणालाच अडखळायला होत नाही.

या 'की'चा विचार करताना आम्हाला काण्यांच्याही आधी एक इंग्रज बॅरिस्टर आठवतो. कारण त्याच्या बाबतीत ही दोन घरे कशी जोडली गेली, त्यातून काय निपजले आणि त्याची किंमत काय, हे निकालपत्रांतून जवळजवळ तारीखवार पाहता येते. त्याचे नाव रॉबर्ट गॉफ.

गॉफ यांचा जन्म १९२६ चा. युद्धात सैनिकी सेवा, मग ऑक्सफर्ड, आणि १९५१ पासून तेथल्याच लिंकन कॉलेजात कायद्याचे अध्यापन. चार वर्षांनी त्यांनी ते सोडले आणि लंडनच्या टेम्पलमध्ये व्यापारी दाव्यांची वकिली सुरू केली. जहाजांचे भाडेकरार, मालाचे नुकसान, विमा, बँका हे त्या वकिलीचे विषय. यात वक्तृत्वाला वाव कमी. ज्युरीपुढे अश्रू ढाळायचे नसतात. करारातल्या सत्ताविसाव्या कलमातला स्वल्पविराम कोठे पडतो यावर लाखो पौंडांचा निकाल लागतो. साहित्याच्या माणसांनी खरे तर या वकिलीकडे आदराने पाहायला हवे, कारण बारकाईने वाचण्याचा इतका मोबदला दुसऱ्या कोणत्याही धंद्यात मिळत नसावा. असो.

ऑक्सफर्ड सोडताना गॉफ यांनी एक अर्धवट काम बरोबर नेले. अध्यापनाच्या काळात त्यांनी ज्या विषयावर चर्चावर्ग घेतले होते, तो विषय इंग्रजी कायद्यात विषय म्हणून अस्तित्वातच नव्हता. एखाद्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा वा लाभ अन्यायाने पडला, करार नाही, गुन्हा नाही, फसवणूकही नाही, तरी तो परत करावा लागतो तो का आणि केव्हा, असा तो प्रश्न. निकाल शेकड्यांनी होते. परंतु ते विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे. चुकून दिलेले पैसे एका प्रकरणात, दडपणाखाली दिलेले दुसऱ्यात, मोडलेल्या करारापोटी आगाऊ दिलेले तिसऱ्यात. वकिली करता करता, दिवसाच्या ब्रीफमधून उरलेल्या वेळात, केंब्रिजच्या गॅरेथ जोन्स यांच्या साथीने गॉफ यांनी हे सारे एका ग्रंथात बांधले. 'द लॉ ऑफ रेस्टिट्यूशन' १९६६ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी गॉफ यांना क्वीन्स कौन्सेलची सनद मिळाली.

या ग्रंथाने नेमके काय केले, ते साहित्याच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. त्यापूर्वी इंग्रजी न्यायालये पैसे परत करायला लावीत, परंतु त्यासाठी एक कथा रचीत. प्रतिवादीने पैसे परत करण्याचे वचन दिले होते, असे मानायचे. वचनाचा मागमूस नसला तरी. याला 'गर्भित करार' असे भारदस्त नाव होते. आता, चुकून ज्याच्या खात्यात पैसे आले आणि जो ते गुपचूप ठेवून घेऊ पाहतो, त्याने ते परत करण्याचे वचन दिले होते असे म्हणणे म्हणजे चोराने कुलूप बसवून देण्याचा करार केला होता असे म्हणण्यासारखे आहे. तरीही १९१४ साली 'सिंक्लेअर विरुद्ध ब्रॉहम' या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने या कथेवर शिक्कामोर्तब केले, आणि परिणाम उरफाटा झाला. एका संस्थेने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन पेढी चालवली होती, तिच्या ठेवीदारांनी पैसे मागितले. न्यायालय म्हणाले की असा करारच बेकायदा, म्हणून त्याची कल्पनाही करता येत नाही, सबब त्या वाटेने पैसे मिळणार नाहीत. सोयीसाठी रचलेली कथा अशी मालकीण होऊन बसली.

गॉफ आणि जोन्स यांनी कथा बाजूला सारली आणि तिच्यामागचे तत्त्व नावानिशी मांडले: अन्यायाने झालेला लाभ ठेवता येत नाही. हे तत्त्व त्यांना आकाशातून मिळालेले नव्हते. रोमन कायद्यात त्याचे बीज आहे आणि अमेरिकेत १९३७ सालीच त्याची पद्धतशीर मांडणी झाली होती. गॉफ-जोन्स यांचे वेगळेपण मांडणीत आहे. ग्रंथाची प्रकरणे पाहा: चूक, सक्ती, निकड, निष्फळ ठरलेले व्यवहार, प्रतिवादीचे गैरकृत्य. हा अनुक्रम तत्त्वज्ञाच्या मनात आपोआप उमटत नाही. पक्षकार चेंबरमध्ये येऊन खुर्चीवर बसतो आणि "साहेब, चुकून पैसे गेले हो," असे म्हणतो, तेव्हा वकिलाच्या मनात जे कप्पे उघडतात, त्यांचा तो अनुक्रम आहे. ग्रंथाला वकिलीची सवय लागलेली आहे, आणि आमच्या मते तेच त्याचे बळ.

पुढे १९७५ मध्ये गॉफ न्यायमूर्ती झाले आणि ग्रंथ न्यायासनावर बसला. १९७९ चा 'बार्कलेज बँक विरुद्ध सिम्स' हा निकाल ज्याला इंग्रजी गद्यात रस आहे त्याने एकदा वाचावा. घटना साधी. एका गृहनिर्माण संस्थेने बांधकाम कंपनीला चोवीस हजार पौंडांचा धनादेश दिला. दुसऱ्याच दिवशी कंपनीवर रिसीव्हर नेमला गेला, तेव्हा संस्थेने धनादेश थांबवण्याची सूचना बँकेला दिली. बँकेतल्या कोणा कर्मचाऱ्याच्या नजरेतून ती निसटली आणि पैसे गेले. बँकेने रिसीव्हरकडे ते परत मागितले. गॉफ यांनी शतकाहून अधिक काळाचे निकाल एकेक करून तपासले, त्यांतल्या गैरसमजांच्या गाठी सोडवल्या आणि शेवटी नियम काही वाक्यांत सांगितला: चुकीमुळे पैसे दिले गेले असतील तर ते प्रथमदर्शनी परत मिळतात, अपवाद अमुक इतके. बँकेला पैसे परत मिळाले. एका कारकुनाच्या डुलकीतून इंग्रजी कायद्याचे एक अख्खे प्रकरण स्वच्छ झाले. प्राध्यापकाने हे लेखात केले असते तर चार विद्वानांनी माना डोलावल्या असत्या. वकिलाने युक्तिवादात केले असते तर न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले असते.

त्यानंतरचा १९९१ चा 'लिपकिन गॉर्मन' खटला तर कादंबरीचाच ऐवज. सॉलिसिटरांच्या पेढीतला एक भागीदार पक्षकारांच्या खात्यातले पैसे काढून लंडनच्या प्लेबॉय क्लबमध्ये जुगार खेळत राहिला. क्लबच्या पदरी सुमारे दीड लाख पौंड उरले. क्लबचा दोष नाही, त्याला काही ठाऊक नव्हते. परंतु पैसा पेढीचा. हाऊस ऑफ लॉर्ड्सने पेढीला पैसे मिळवून दिले, अन्याय्य लाभाचे तत्त्व प्रथमच स्पष्ट शब्दांत स्वीकारले, आणि त्याच वेळी ज्याने सद्भावनेने पैसे स्वीकारून आपली परिस्थिती बदलली आहे त्याला तितक्यापुरता बचाव मिळाला पाहिजे हेही मान्य केले. मुख्य निकालपत्र गॉफ यांचेच होते. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

येथे वाचकाच्या मनात शंका यावी, आणि ती रास्त आहे. स्वतःच्या ग्रंथातले मत स्वतःच न्यायासनावर बसून कायदा म्हणून जाहीर करायचे, हे कितपत योग्य? इंग्रजी न्यायालयात पूर्वी एक संकेत होता, की हयात लेखकाचा ग्रंथ प्रमाण म्हणून पुढे करायचा नाही. कारणे दोन सांगत: हयात लेखक मत बदलू शकतो; आणि तो उद्या त्याच खटल्यात वकील म्हणून उभा राहू शकतो. (मेल्याशिवाय थोरवी नाही, हा नियम केवळ मराठी साहित्यसंस्थांनी शोधून काढलेला नाही, हे कळून आम्हाला बरे वाटले.) रॉबर्ट मेगॅरी हे स्थावर मालमत्तेच्या कायद्यावरील विख्यात ग्रंथाचे एक लेखक, पुढे न्यायमूर्ती झाले. १९६८ साली त्यांच्यापुढे एका वकिलाने त्यांचाच ग्रंथ आधार म्हणून वाचून दाखवला. मेगॅरी यांनी तो बाजूला ठेवला नाही, परंतु त्याला जास्तीचे वजनही दिले नाही. लेखक एकटा बसून सर्व विषय व्यापून लिहितो, त्याच्या मताला समोरच्या बाजूच्या युक्तिवादाची आच लागलेली नसते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच ग्रंथाकडे असे परकेपणाने पाहणे सोपे नाही. समीक्षकांनी हा निकाल जवळ ठेवावा.

हयात लेखकांबाबतचा तो संकेत आता इतिहासजमा झाला आहे, आणि त्यात गॉफ यांचा वाटा आहे. 'स्पिलियाडा' नावाचे जहाज व्हँकुव्हरहून हिंदुस्थानातल्या बंदरांकडे गंधक घेऊन निघाले होते. ओल्या गंधकाने जहाज खाल्ले, आणि वाद लंडनमध्ये चालावा की कॅनडात, हा प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८६ च्या निकालात गॉफ यांनी या विषयावर लिहिणाऱ्या हयात अभ्यासकांचे उघडपणे आभार मानले आणि न्यायाधीश व अभ्यासक हे कधीच न संपणाऱ्या वाटेवरचे सहयात्री आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. आम्हाला ते वाचताना वारी आठवली. वारीतही टाळकरी आणि विणेकरी वेगळे असतात, पण दिंडी एक असते.

तरीही विद्यापीठीय अभ्यासकाचे माप आम्ही उणे करू इच्छित नाही. पीटर बर्क्स हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक, रोमन कायद्याचे पंडित. १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी याच विषयाची अशी काटेकोर वर्गवारी केली की गॉफ-जोन्स त्यापुढे अडगळीच्या खोलीसारखे दिसावेत. आणि २००३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, नवा ग्रंथ लिहून त्यांनी ती आपलीच इमारत पायापासून बदलली. असे धाडस वकिलाला परवडत नाही. त्याचा ग्रंथ उद्या सकाळी साडेदहाला कोणीतरी कोर्टात उघडणार असतो. विशुद्ध अभ्यासकाला चुकण्याचे आणि चूक कबूल करण्याचे स्वातंत्र्य असते, ते अनमोल आहे. परंतु बर्क्स यांना मोडायला आणि जोडायला जो विषय हाती मिळाला, तो एका धंदेवाईक वकिलाने आणि त्याच्या प्राध्यापक मित्राने उभा केलेला होता, हे विसरता येणार नाही.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? एक संबंध तर थेट आहे आणि थोडा गमतीचाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्याच्या ७० व्या कलमात, मोफत करण्याचा इरादा नसताना कोणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते, असे सरळ लिहिले आहे. ७२ वे कलम चुकीने वा सक्तीने दिलेल्या पैशांचे. कायद्याविषयीच्या चुकीने दिलेले पैसेही या कलमात येतात, असा निर्णय १९४९ साली लंडनच्याच प्रिव्ही कौन्सिलने हिंदुस्थानसाठी दिला. खुद्द इंग्लंडला मात्र त्यासाठी १९९८ पर्यंत थांबावे लागले. 'क्लाइनवर्ट बेन्सन' खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, आणि बहुमताचे मुख्य निकालपत्र पुन्हा गॉफ यांचे. म्हणजे इंग्रजांनी जे शहाणपण आपल्याकडे कायद्यात छापून ठेवले, ते त्यांना स्वतःच्या घरी आणायला सव्वाशे वर्षे लागली. परंतु छापलेल्या कलमांवर उभे राहून 'गॉफ आणि जोन्स'च्या तोडीचा ग्रंथ ती कलमे ज्यांची, त्या आपण लिहिला का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला उत्साह वाटत नाही.

आणि परंपरा नव्हती असेही नाही. करार अधिनियमावरील जो ग्रंथ आजही वकिलांच्या कपाटात असतो, तो १९०५ चा 'पोलॉक आणि मुल्ला'. पोलॉक ऑक्सफर्डचे प्राध्यापक, दिनशा मुल्ला मुंबईतले व्यवसायी कायदेपंडित. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत बॅरिस्टरी करीत असताना १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. त्या शिकवण्यामागे चरितार्थाची निकड होती हे खरे. परंतु ज्याने पुढे राज्यघटनेच्या मसुद्यातला शब्दन् शब्द तोलला, त्याने कधी काळी हिशेबनीसांच्या पोरांना हुंडी आणि भागीदारी समजावून सांगितली होती, हे आम्हाला लहान वाटत नाही. होमी सिरवई यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना त्यांनी केशवानंद भारती खटल्यात केरळ राज्याची बाजू मांडली: संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा नाही. १९७३ चा निकाल विरुद्ध गेला. आणीबाणीनंतर आपल्या राज्यघटनेवरील ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत मात्र त्यांनी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त योग्य असल्याचे लिहिले. वकिलाची जीभ पक्षकाराने भाड्याने घेतलेली असते. लेखणी भाड्याने दिलेली नव्हती, एवढे सिरवईंनी दाखवून दिले.

हा भाड्याचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. आज व्यापारी वकिलीत विद्वत्तेला दर आहे. नामांकित प्राध्यापकाचे मत पक्षकार विकत घेतो. मग तेच मत तो प्राध्यापक नियतकालिकात लेख म्हणून छापतो, आणि पुढच्या खटल्यात तो लेख तटस्थ विद्वत्ता म्हणून वाचला जातो. हा धोका काल्पनिक नाही. त्यावर उपाय म्हणजे भिंत बांधणे नव्हे, उघडपणे सांगणे: या प्रश्नावर मी अमुक पक्षाचा वकील होतो, वाचकाने ते लक्षात घेऊन वाचावे. मित्राच्या काव्यसंग्रहाचे परीक्षण लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जण इतके करतात?

आपण भिंत बांधली ती नियमाने. बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे कायद्याच्या पूर्णवेळ प्राध्यापकाला कोर्टाचे दार बंद. उलट बाजूने १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवण्याची मुभा दिली आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली, तीही व्यवसायातून वर्गात येणाऱ्यांसाठी. वर्गातून कोर्टात जाणारी वाट नाही. घटनेच्या १२४ व्या अनुच्छेदात 'विख्यात विधिज्ञ' सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होऊ शकतो असे पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे. त्या शब्दांखाली आजवर एकही नेमणूक झालेली नाही. इंग्लंडने २०२० मध्ये अँड्रयू बरोज या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला थेट सर्वोच्च न्यायालयात नेले. त्यांचा विषय कोणता? करार आणि रेस्टिट्यूशन.

नियमामागचे कारण आम्हाला समजते. दोन दगडांवर पाय ठेवणारा वर्गाला दांडी मारील, ही भीती खोटी नाही. आम्ही स्वतः साहित्याच्या पदवीबरोबर सायंकालीन विधी महाविद्यालयात दोन वर्षे काढली. करार कायदा शिकवायला येणारे वकील निम्म्या वेळा येतच नसत. सुनावणी लांबली, असा निरोप येई. आले की काळ्या कोटावर खडूचा पांढरा हात पुसत आणि ७० वे कलम वाचून झाल्यावर पुस्तक मिटून म्हणत, "आता आज दुपारी काय झाले ते ऐका." त्या दुपारीच आम्हाला प्रथम कळले की कलम हेही एक वाक्य आहे आणि त्यातले क्रियापद कोणाच्या तरी अंगावर पडते. त्यांच्या जागी पुढे नेमणूक झाली ती सर्व पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, रोज वेळेवर येणाऱ्या गृहस्थांची. त्यांनी टिपणे उत्तम दिली. आम्ही परीक्षा त्यांच्याच टिपणांवर उत्तीर्ण झालो आणि कायदा सोडून साहित्याकडे परतलो.

साहित्याच्या विभागांत तरी वेगळे काय आहे? कविता लिहिणारा प्राध्यापक आपण खपवून घेतो, पण पदोन्नतीच्या अर्जात त्याचा संग्रह कोणत्या रकान्यात लिहावा हे त्याला कळत नाही. अनुवादावर शोधनिबंध लिहिणाऱ्याने कधी एखादी कथा अनुवादित केली आहे का, असे आपण मुलाखतीत विचारीत नाही. आणि बाहेर, वृत्तपत्रात, प्रकाशनगृहात, दूरचित्रवाणीच्या लेखनकक्षात भाषेशी रोज झोंबी खेळणारी माणसे काय शिकली आहेत, ते आपल्या अभ्यासक्रमात कोठेही उतरत नाही. गॉफ यांच्या ग्रंथात जे चेंबरमधले वारे वाहते, ते आपल्या संदर्भग्रंथांत नाही. म्हणून ते बरोबर असूनही कोणी उघडत नाही.

गॉफ आणि जोन्स दोघेही २०१६ साली, काही महिन्यांच्या अंतराने गेले. ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या त्याआधीपासूनच दुसरे अभ्यासक सिद्ध करीत होते. २०११ च्या आठव्या आवृत्तीत शीर्षकातले 'रेस्टिट्यूशन' जाऊन 'अन्जस्ट एनरिचमेंट' आले. कव्हरवरची दोन नावे मात्र तशीच आहेत, वकिलाचे आधी, प्राध्यापकाचे नंतर. जुन्या संकेतानुसारही आता ती न्यायालयात बिनदिक्कत उच्चारता येतात.